कडेपठारच्या माळावर खड्डे घेण्याआधी एकदा चालून बघा: वृक्षारोपणाला येणाऱ्या सगळ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

जून लागला की तुम्ही येता. शनिवारी सकाळी पुण्याकडून दोन-तीन बस, मागे रोपांनी भरलेला टेम्पो, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टीशर्ट, बॅनर, पाण्याचे जार, वडापावची पार्सलं. जेजुरीच्या आसपासच्या टेकड्या, कडेपठारचे उतार, सासवडपासून वाल्ह्यापर्यंत जिथे म्हणून मोकळा माळ दिसतो तिथे तुम्ही उतरता, खड्डे आधीच कुणीतरी जेसीबीने घेऊन ठेवलेले असतात, त्यात रोप ठेवता, माती लोटता, फोटो काढता आणि दुपारच्या जेवणापर्यंत परत. तुमच्यात कंपन्यांचे लोक असतात, कॉलेजची पोरं असतात, गणेश मंडळं असतात, मुलाचा पहिला वाढदिवस म्हणून आलेली कुटुंबं असतात. तुमचं मन चांगलं आहे याबद्दल मला जराही शंका नाही, सुट्टीच्या दिवशी फावडं हातात घेऊन कोण येतंय हल्ली. म्हणूनच हे पत्र भांडायला नाही, विनवायला लिहितेय. गवताच्या माळावर झाडं लावू नका. झाडं लावा, पण इथे नको.

मला माहितेय हे वाक्य वाचून कसं वाटतं ते. मलाही कुणी २०१८ साली असं म्हटलं असतं तर मी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. त्या वर्षी राज्यभर १३ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम होता, त्याच्या आदल्या वर्षी ४ कोटी, पुढच्या वर्षी ३३ कोटी, सगळीकडे तेच वातावरण होतं आणि मीही आमच्या ऑफिसच्या ग्रुपबरोबर या भागातल्याच एका माळावर गेले होते. अकरा रोपं लावली मी. प्रत्येकाला हात लावून नमस्कार केला. पुढच्या मे महिन्यात मुद्दाम बघायला गेले तर नऊ खड्ड्यांत वाळलेल्या काड्या आणि काळ्या पिशव्यांचे तुकडे, आणि दोन जगलेली रोपं होती ती गिरीपुष्पाची, आमच्याकडे ज्याला उंदीरमारी म्हणतात ते. ती दोन आज चांगली डोक्याच्या वर गेलीत. त्यांच्या सावलीत गवताची एक काडी नाही, नुसता पाचोळा. आजूबाजूला गुडघाभर गवत आणि त्या दोन झाडांखाली मोकळं टक्कल. ते बघून पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण इथे नेमकं काय केलं.

मी याच भागातली. माहेर वाल्ह्याकडचं, नोकरी हडपसरला, आणि गेली चौदा-पंधरा वर्षं महिन्यातून एकदा तरी मी कडेपठारला चालत जाते. गडावर जशी गर्दी असते तशी कडेपठारला नसते. हे खंडोबाचं जुनं ठाणं, आताच्या गडापेक्षा बरंच उंच, पायऱ्या चढून जायचा दम सगळ्यांना नसतो. सोमवती आणि चंपाषष्ठी सोडली तर एरवी आडवारी सकाळी तुम्ही, वारा आणि लांबून एखादी मेंढरांची घंटी, बस. दर्शन झालं की मी देवळाच्या मागून डोंगराच्या धारेने पुढे चालत राहते. खाली गडकोट दिसतो, पलीकडे नाझरे धरणाचं पाणी चकाकत असतं, पश्चिमेला पुरंदर आणि वज्रगड खांद्याला खांदा लावून उभे. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीचा हॉर्न वर ऐकू येतो, ती दिसते नंतर. आणि चहूकडे गवत. हा पट्टा पर्जन्यछायेतला, सह्याद्रीवरून येताना ढग सगळं तिकडेच ओतून येतात, आमच्या वाट्याला उरलंसुरलं. म्हणून इथे गवत आहे. मुरमाड जमीन, टीचभर माती, खाली काळा खडक, आणि जेवढा पाऊस पडतो तेवढ्यात भागवणारं गवत.

तुम्ही येता तो जून, आणि खड्डे खणतात ते एप्रिल-मे मध्ये. त्या दिवसांत माळ खरंच मेल्यासारखा दिसतो हे कबूल. पिवळा, करडा, कुठे कुठे जळालेला काळा. शहरातून आलेल्या माणसाला वाटणारच की हे उजाड झालंय, इथे पूर्वी जंगल असेल ते तोडून टाकलंय, आपण परत हिरवं करू. पण तोच माळ ऑगस्टमध्ये बघा. सप्टेंबरात बघा, जेव्हा तरवड पिवळाधमक फुललेला असतो आणि वाटतं की गडावर उधळलेला भंडारा वाऱ्याने इथपर्यंत आला. ऑक्टोबरात बघा, गवत पिकून तांबूस-सोनेरी होतं आणि दुपारचा वारा सुटला की सगळा उतार एकदम एका बाजूला झुकतो, परत उठतो, परत झुकतो. मी कितीतरी वेळा नुसती दगडावर बसून ते बघत राहिलेय, डब्यातली भाकरी तशीच हातात.

कुसळी माहितेय ना? ती, जी मोज्यात अडकते आणि घरी गेल्यावर वॉशिंग मशीनमध्ये सगळ्या कपड्यांना लागते. तिची एक काडी काढा पिकलेली. टोकाला अणकुचीदार बी आणि मागे लांब वळलेली शेपटी. तळहातावर ठेवा आणि जरासं पाणी लावा, पाणी नसेल तर जिभेचा ओलावा लावा. ती शेपटी हळूहळू उलगडायला लागते, गोल गोल फिरते, हातावर जिवंत किडा वळवळावा तशी. वाळली की परत पीळ पडतो. जमिनीवर पडलेली कुसळ रात्रीच्या दवाने ओली होते, दिवसा सुकते, आणि असं ओलं-कोरडं होत होत ते बी स्वतःच स्वतःला मातीत गिरमिटासारखं फिरवत नेतं. कुणी खड्डा घेत नाही, टँकर लागत नाही, बॅनर लागत नाही. माझ्या भाचीला मी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती अर्धा तास उठायला तयार नव्हती, एकेक कुसळ ओली करून बघत होती. जे गवत हे इतकं सगळं करतं त्याला आपण ‘काहीच नाही तिथे, नुसतं गवत आहे’ म्हणतो याचं मला फार वाईट वाटतं.

आणि नुसतं गवत नसतंच. हिवर असतो, बोर असते, खैर, ओढ्याच्या कडेला पळस, कुठे एखादी सालई. पण ती झाडं लांब लांब, आपापल्या जागी उभी असतात, गवताला ऊन सोडून. या गवतांना भरपूर ऊन लागतं, सावली पडली की ती मरतात, इतकी साधी गोष्ट आहे. दहा दहा फुटांवर ओळीने झाडं लावून ती जगवली, तर पाच-सात वर्षांत तिथे कुसळी, पवन्या, मारवेल यातलं काही राहत नाही. तुम्ही एक झाड जगवलं असं मोजता, त्याच्याखाली काय गेलं त्याची मोजणी कुणी करत नाही.

काय जातं ते सांगते, मी बघितलेलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिन्यातला पहिला आठवडा. एका सपाट टेपावर कुणीतरी खड्ड्यांसाठी फक्की मारून ठेवली होती, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी. मी त्यातून चालत होते आणि एक माळटिटवी माझ्या डोक्यावरून घिरट्या घालत ओरडायला लागली. आपल्याकडे टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात, पण ती बिचारी ओरडते कारण आपण तिच्या अंड्यांजवळ आलेलो असतो. मी जागच्या जागी थांबले आणि पायाखाली बघायला लागले. तरी पाच मिनिटं गेली. चार अंडी, मुरमाच्या रंगाचीच, वर काळपट ठिपके, भोवती बारीक खडे मांडलेले. घरटं म्हणावं असं काही नाही, जमिनीत एक बशीएवढा खोलगटपणा. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर फक्कीचा ठिपका. मी कडेने तीन मोठे दगड ठेवले, म्हटलं खणणाऱ्याच्या लक्षात येईल, काम कोणाचं आहे ते कळेना म्हणून फोन तरी कोणाला करणार. पुढच्या रविवारी गेले तर खड्डे झाले होते. माझे तीन दगड बाजूला फेकलेले, आणि अंडी होती तिथे खड्ड्यातून उपसलेल्या मुरमाचा ढीग. टिटवी अजून तिथेच फिरत होती. मला माहितेय जेसीबी चालवणाऱ्याने मुद्दाम केलं नाही. त्याला दिसलंच नसणार, मलाच दिसायला पाच मिनिटं लागली, आणि त्याला तर दिवसाला इतके खड्डे असा हिशोब असतो. ज्या दिवशी तुम्ही रोप लावायला आलात त्या दिवशी त्या ढिगाखाली काय होतं हे तुम्हाला कळायचा काही मार्गच नव्हता. आता कळावं म्हणून लिहितेय.

माळावरचे निम्मे पक्षी जमिनीवर घरटं करतात, कारण झाडच नाही तर करणार कुठे. लावा, तित्तिर, चंडोल, धाविक. डोंबारी चंडोल म्हणून एक चिमणीएवढा पक्षी आहे, विणीच्या दिवसांत त्याचा नर सरळ वर चढतो आणि पंख मिटून दगडासारखा खाली सुटतो, शीळ घालत, जमीन येते येते म्हणताना परत वर. डोंबाऱ्यासारख्या कोलांट्या मारतो म्हणून डोंबारी. थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या येतात, ते ससाण्यासारखे लांब पंखांचे, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे, आणि रात्री झाडावर बसत नाहीत, उंच गवतात जमिनीवर झोपतात. हजारो किलोमीटर उडून तो पक्षी येतो तो या गवतासाठी. उन्हाळ्यात दगडादगडावर सरडे चढून बसतात, नराच्या गळ्याखाली पंखा असतो, निळा-काळा-नारिंगी, तो उघडझाप करत एकमेकांना दम देत असतात. दख्खनच्या या माळांवरच्या अशा सरड्यांसाठी संशोधकांनी २०१६ साली नवीन वंश केला आणि त्याचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवलं, आपला मराठी शब्द, जगभरच्या कागदावर. यातल्या कुणालाच तुमच्या झाडाची सावली नकोय.

आणि लांडगा. हो, आमच्याकडे आहे, सासवड-जेजुरी-सुपे या पट्ट्यात अजून आहे. अख्ख्या भारतात मिळून साधारण तीन हजार लांडगे उरलेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमीच, आणि कायद्याने त्याला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. पण वाघासाठी जंगल राखायचं हे सगळ्यांना पटतं, लांडग्यासाठी माळ राखायचा हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी स्वतः पंधरा वर्षांत तीनदा पाहिला. शेवटचा मार्गशीर्षात, सकाळी सातच्या सुमारास, धारेवर उभा होता, पाय गवतात बुडालेले, नुसती पाठ आणि मान दिसत होती आणि पाठीचा रंग आणि गवताचा रंग इतका एक की तो हलला नसता तर मी सरळ चालत गेले असते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, घाई न करता वळला आणि गवतात उतरला. गवत मिटलं त्याच्यामागे. मी हात जोडले, देवळात जोडते तसेच.

वर एक म्हातारे मेंढपाळ भेटतात, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांना विचारलं, लांडगा मेंढरं नेतो तर राग येत नाही का. म्हणाले, ‘त्येचा वाटा आसतोय त्यो. वरसाला चार-दोन कोकरं जात्यात. पर ताई, त्यो खड्डंवाला येतोय त्यो समदा माळच नेतोय की. तारंचं कुंपण घालत्यात, पाटी लावत्यात, मंग मेंढरं न्यायची कुठं?’ उंदीरमारीला त्यांची मेंढरं वासामुळे तोंड लावत नाहीत असंही म्हणाले. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो तो त्यांच्या आज्यापणज्यापासून वापरात आहे. कुठल्या महिन्यात कुठल्या उताराला मेंढरं सोडायची, पाऊस पडला की कधीपर्यंत गवताला हात लावायचा नाही, रात्री वाघर (मेंढरांभोवती लावायचं जाळं) कुठे लावायची, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची म्हणजे त्याला लेंडीखत आणि यांना धान्य, हे सगळं ठरलेलं असतं. सातबाऱ्यावर मात्र या जमिनीला पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, नाहीतर गायरान, आणि सरकारी नकाशात झुडपी माळ ‘वेस्टलँड’ या रकान्यात. एकदा कागदावर वेस्ट म्हटलं की मग तिथे काहीही केलं तरी ते सुधारणाच ठरतं.

तुमच्यातले कितीतरी जण खंडोबाचे भक्त असतील, लावणी आटोपली की गडावर जाऊन येत असाल. गडाच्या पायऱ्यांवर मध्येच बाणाईचं देऊळ लागतं ना, तिथे जरा थांबा या वेळी. बाणाई धनगराची लेक. तिच्यासाठी खंडेराया देवपण सोडून तिच्या बापाच्या घरी चाकरीला राहिला, मेंढरं राखली, ही कथा वाघ्या-मुरळी जागरणात रात्र रात्र गातात. देवाने राखलेली मेंढरं चरली कशावर? याच गवतावर. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक कित्येक वर्षं धनगरांच्या मागे वाड्यावाड्यावर हिंडले, त्यांच्या ओव्या टेप केल्या, १९९२ साली ते गेले. त्या ओव्यांत माळ आहे, काटेरी झाडं आहेत, मेंढरं आहेत. आणि आता संशोधकांनी हेच धरून काम केलंय, धनगरांच्या ओव्या आणि तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य बारकाईने वाचून त्यात कुठली झाडं, कुठल्या जागा येतात ते नोंदवलं, आणि त्यातून दिसलं की पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताचे, तुरळक काटेरी झाडांचे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी असेच आहेत. इथलं जंगल तुटून माळ झालाय हे जे आपण शाळेपासून धरून चाललोय ते इथे लागू होत नाही. ज्ञानेश्वरांच्या काळातही हा माळच होता. तुम्ही हरवलेलं जंगल परत आणत नाही आहात, असलेला माळ घालवताय.

पाण्याचं तुम्ही म्हणाल, मला प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच, की झाडं लावली की पाणी मुरतं, माती धरून राहते. अहो गवताइतकी माती कोण धरतं? एक गवताचा ठोंब उपटून बघा, येतो का हाताला. मुळांचं जाळं इतकं दाट असतं की टीचभर मातीसुद्धा वाहून जात नाही. ती गवताची साल एकदा फोडली, दोन बाय दोनचा खड्डा घेतला, की खालचा मुरूम उघडा पडतो आणि पहिल्याच वळवाच्या पावसात खाली ओढ्यात जातो. कडेपठारच्या एका अंगाला जुने फसलेले खड्डे आहेत, त्यांच्याखाली प्रत्येकी एक ओघळ पडलाय, वरून बघितलं तर डोंगराला ओरखडे काढल्यासारखे दिसतात. झाडं कार्बन धरून ठेवतात म्हणतात, त्याचंही तसंच. गवत आपला कार्बन मुळांत, जमिनीखाली ठेवतं. वणवा आला तर वरची पाती जळतात, खालचं शाबूत राहतं आणि पहिल्या पावसाला परत हिरवं. लावलेली झाडं त्याच वणव्यात उभी जळतात आणि सगळा हिशोब शून्यावर येतो. (वणवे मुद्दाम लावणाऱ्यांबद्दल लिहायचं तर दुसरं पत्र लागेल, आमच्याच गावातले लोक आहेत ते, नवीन गवत चांगलं येतं म्हणून काडी टाकतात. दरवर्षी सगळा डोंगर पेटवणं मलाही मान्य नाही.)

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा हो. इतकी गरज आहे. पालखी मार्ग रुंद झाला तेव्हा सासवड ते नीरा रस्त्याची किती जुनी झाडं गेली, वडासारखी झाडं, ज्यांच्या खाली वारकऱ्यांच्या दिंड्या विसावायच्या. आता वारी जेजुरीहून वाल्ह्याला निघते ती उघड्या डांबरावरून, म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन, पाऊस लांबला तर भर उन्हात. तिथे लावा, वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, आणि पाच वर्षं पाणी घाला. ती सावली खरंच कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. गावातल्या शाळांची मैदानं उघडी आहेत. एमआयडीसीच्या रस्त्यांना सावली नाही. ओढ्याकाठची करंज, उंबर, जांभूळ तोडून लोकांनी शेतं वाढवलीत, तिथे मालकाशी बोलून लावा. बांधावर लावा. तुमच्या स्वतःच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकमधून चार फूट जागा काढा आणि तिथे लावा. हे सगळं माळापेक्षा अवघड आहे हे मला समजतं, रस्त्याकडेला परवानगी लागते, शेतकऱ्याला पटवावं लागतं, सोसायटीत भांडण होतं. माळावर विचारायला कुणी येत नाही म्हणून माळ सोपा पडतो. आप्पांना कोण विचारतंय.

माळासाठीच काही करायचं असेल तर तेही आहे. वाऱ्याने उडून गवतात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करायला या, तुमच्या जुन्या रोपांच्या काळ्या पिशव्या पण त्यात आहेत. जिथे उंदीरमारी आणि सुबाभूळ पसरायला लागलेत तिथली पिल्लं उपटायला वनखात्याच्या परवानगीने या. मयूरेश्वर अभयारण्य बघायला जा, मोरगावच्या पुढे सुप्याला, पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचं एवढंसं, १९९७ सालचं, तिथे चिंकारा गवतातून उड्या मारत जाताना बघा. इंदापूरला कडबनवाडी आणि बारामतीला शिर्सुफळ इथे वनखात्याने गवताळ सफारी सुरू केलीय, स्थानिक पोरं गाईड म्हणून असतात. जंगलखात्यालाच माळ दाखवण्यासारखा वाटायला लागलाय, मग आपल्याला का वाटू नये. आणि सोलापूरजवळ नान्नजला जा, माळढोकासाठी केलेलं अभयारण्य आहे ते. मी कॉलेजात असताना आमच्या सरांनी तिथे नेलं होतं, तेव्हा लांबून का होईना दिसला होता एक, मानेने पांढरा, गवताच्या वर डोकं काढून चालणारा. आता तिथले लोक सांगतात फारसा दिसत नाही. पूर्वी हा पक्षी दख्खनभर होता. माळ संपत गेले तसा तोही गेला.

तुमच्या संस्थांच्या प्रमुखांना एकच मागणं आहे. या वर्षीची जागा ठरवायच्या आधी, जेसीबीला अॅडव्हान्स द्यायच्या आधी, जो माळ निवडलाय त्यावर एकदा चालून या. गाडीतून उतरून दहा मिनिटं नाही, सकाळी सहा ते दहा. एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीत. गवतातले तज्ज्ञ पुण्यात कितीतरी आहेत, एकाला बरोबर घ्या. जो मेंढपाळ भेटेल त्याच्याशी बसून बोला, त्याला विचारा इथे काय काय उगवतं. नंतरही तुम्हाला वाटलं की इथे काही नाही, तर मला सांगा, मी ऐकून घेईन.

येत्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कडेपठारला जाणारच आहे. सकाळी सहाला पायऱ्या सुरू होतात तिथे उभी असेन. दहा-बारा जणांपेक्षा जास्त नको, नाहीतर पक्षी उठतात. फावडं आणू नका, बॅनर नको, स्पीकर नको. जाड मोजे घाला, फुलपँट घाला, दोन लिटर पाणी घ्या कारण वर काही मिळत नाही, आणि एक जुना कंगवा पिशवीत टाका. खाली उतरल्यावर गडाच्या पायथ्याला चहाच्या टपरीवर बसून आपण मोज्यातली कुसळं काढू, एकेक करून, आणि ती फेकू नका, तिथेच पेल्यातल्या पाण्यात एक बुडवून बघा कशी फिरते ते.

तुमचीच,
वाल्ह्याकडची एक चालणारी